लग्नाआधी दात उजळायचे आहेत, कोणती पद्धत घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, अडीच महिन्यांनी लग्न. दात पिवळट आहेत, दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो. समोरच्या एका दाताला जुनं फिलिंग आहे आणि त्याच्या शेजारचा दात शाळेत असताना पडल्यापासून हळूहळू राखाडी होत गेला. पार्लरवाली एका बैठकीत चमकवून देते म्हणते, एका दवाखान्यात ‘लेझर’चे अठरा हजार सांगितले, भाऊ ऑनलाइन पट्ट्या मागवायला निघालाय, आजी राखुंडीवर ठाम आहे आणि आईला भीती आहे की मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात. यातलं काय निवडावं?

उत्तर आधी देऊन टाकतो. दात साफ करून घ्या. राखाडी दाताचा एक्स-रे काढा. त्यानंतर तुमच्या दातांच्या मापाचा ट्रे बनवून घ्या आणि त्यात दात उजळवणाऱ्या औषधाचं, म्हणजे कार्बामाइड पेरॉक्साइडचं, १० टक्क्यांचं जेल घालून रात्री झोपताना लावा, दोन ते तीन आठवडे. फिलिंग सगळ्यात शेवटी बदला. लेझरची गरज नाही, पार्लर तर नकोच. माझ्याकडे लग्नसराईच्या आधी येणाऱ्या दहातल्या नऊ मुलामुलींना मी हेच सांगतो, आणि त्यातले निम्मे तरी नाराज होतात, कारण त्यांना आजच्या आज काहीतरी हवं असतं.

दात पिवळा का दिसतो हे कळलं की पद्धत आपोआप ठरते, म्हणून तिथून सुरुवात करू. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, पांढरंशुभ्र नसतं. ते थोडंसं पारदर्शक असतं. त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर असतो आणि तो कवचातून दिसतो. सुळ्यांमध्ये डेंटिन जाड असतं, म्हणून सुळे सगळ्यांचेच शेजारच्या दातांपेक्षा पिवळे असतात. तो काही रोग नव्हे. वय वाढतं तसं कवच झिजतं, आत डेंटिनचे नवे थर चढतात आणि पिवळेपणा वाढतो. हा झाला दाताचा स्वतःचा रंग. त्याच्यावर बाहेरून बसतात ते डाग वेगळे: चहा, कॉफी, तंबाखू, पान, मिश्री, लोहाचं औषध, आणि हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरत राहिलात तर त्याचेही तपकिरी डाग. हे डाग किटणावर आणि दाताच्या पातळ सायीवर बसतात, आत शिरत नाहीत. ते ब्लीचने काढायचे नसतात, खरवडून आणि पॉलिश करून काढायचे असतात.

तुमच्या चार-पाच चहांचा बराचसा हिशोब इथेच मिटेल. स्केलिंग आणि पॉलिशिंग करून आठ दिवस थांबा आणि मग दिवसाउजेडी आरशात बघा. पुष्कळ जण याच टप्प्यावर म्हणतात, आता पुढचं काही नको. आम्हाला त्यात धंदा नाही, पण खरं आहे ते असं आहे.

आईंच्या भीतीबद्दल. मशीनने दात हलत नाहीत. किटण वर्षानुवर्षं साचलं की हिरडी आणि हाड मागे सरकतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत किटणच भरून बसतं. ते काढलं की फट दिसते, दाताला जिभेने नवीन कड लागते, थंड पाणी चार दिवस झोंबतं. दोष किटणाचा, नाव मशीनचं. ज्यांचे दात साफ केल्यावर हलले त्यांचे ते आधीच हललेले होते, किटणाने सिमेंटसारखे धरून ठेवले होते एवढंच.

आता राखुंडी. आजीला तोडून बोलू नका, तिच्या काळात ब्रश-पेस्ट घरात नव्हतीच आणि राखेने दात घासणं हे न घासण्यापेक्षा बरंच होतं. पण गोवरीची राख, कोळशाची पूड, विटेचा भुगा, गेरू घातलेलं लाल मंजन, हे सगळं एकच काम करतं: घासून काढतं. डाग जातो, त्याच्याबरोबर कवचाचा पातळ पापुद्राही जातो. तो परत येत नाही, कारण एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच संपलेल्या असतात. कवच पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं. म्हणजे दात पांढरे करायला घासायचं आणि दहा वर्षांनी ते जास्त पिवळे करून घ्यायचे. साठीतल्या बायकांच्या दातांना हिरडीजवळ आडव्या खाचा पडलेल्या मी रोज बघतो. खडबडीत पूड आणि बोटाचा किंवा ब्रशचा आडवा जोर, दोन्हींचं ते फळ. सध्या काळ्या ट्यूबमधून जी चारकोल पेस्ट महाग विकली जाते ती राखुंडीचीच शहरी नात आहे. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये चारकोलवरच्या उपलब्ध लेखनाचा आढावा आला होता. ते सुरक्षित आहे किंवा दात पांढरे करतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

लिंबू-मीठ, लिंबू-सोडा, स्ट्रॉबेरी चोळणं, हे राखुंडीपेक्षा वाईट. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. विरघळून मऊ झालेल्या कवचावर मीठ घासणं म्हणजे काय होईल ते सांगायला नको. नुसता खायचा सोडा त्यामानाने सौम्य आहे, वरवरचे डाग काढतो, पण दाताच्या आतल्या रंगाला हात लावत नाही. खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी दात पांढरे होत नाहीत. जांभळ्या पेस्टचा सध्या बोलबाला आहे. कपड्याला नीळ देतात तोच तो खेळ, पिवळ्यावर निळा-जांभळा रंग चढला की डोळ्याला पांढरं वाटतं. काही तास टिकतं. साखरपुड्याच्या फोटोआधी लावायला माझी हरकत नाही.

मिश्रीचं वेगळं सांगायला हवं, कारण सातारा-सांगली-कोल्हापूर भागातून विचारणाऱ्या निम्म्या घरांत ती असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण मिश्री घरच्या तव्यावर होते, तिथे कोण बघणार! ती लावून दात स्वच्छ वाटतात ते निकोटीनमुळे तरतरी येते म्हणून. तुमच्या घरात कुणी लावत असेल तर त्यांना रंगासाठी नाही, गालाच्या आतल्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांसाठी एकदा तोंड दाखवायला घेऊन जा.

ब्लीचिंगकडे येऊ. दाताच्या आतला रंग खरोखर बदलणारं औषध एकच आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणतात तेही शेवटी तेच देतं: १० टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, उरलेला युरिया. पेरॉक्साइडचा रेणू इतका छोटा की तो कवचातून पार डेंटिनपर्यंत झिरपतो आणि तिथल्या रंगीत रेणूंची मोडतोड करतो. कवच खरवडलं जात नाही, म्हणून ‘ब्लीचने एनॅमल जातं’ हे खरं नाही. पण हे झिरपणं वेळ खातं, आणि सगळी निवड या एका गोष्टीवर येऊन ठेपते. एक तर तीव्र औषध थोडा वेळ लावायचं, नाहीतर सौम्य औषध खूप वेळ.

दवाखान्यात एका बैठकीत करतात ते पहिल्या प्रकारचं. ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हिरडीवर संरक्षक लेप, वरून निळा दिवा. त्याला लेझर म्हणायची पद्धत पडली आहे, बहुतेक ठिकाणी तो साधा एलईडी असतो. तीव्र जेल काम करतं, त्याबद्दल शंका नाही. दिवा मात्र शेवटच्या रंगात फारशी भर घालत नाही. थोडी उष्णता देतो आणि खुर्चीतल्या माणसाला काहीतरी भारी चाललंय असं वाटतं. आणि एक गोष्ट जाहिरातीतल्या फोटोंमध्ये कुणी सांगत नाही. तासभर ओठ ताणून तोंड उघडं ठेवलं की दात सुकतात, आणि सुकलेला दात औषधाशिवायही खडूसारखा पांढरा दिसतो. घरी करून बघा: ओठ बोटांनी वर धरून तोंडाने श्वास घेत पाच-दहा मिनिटं आरशासमोर बसा. म्हणूनच कॅपचा रंग निवडायचा असतो तेव्हा आम्ही तो दात सुकण्याआधी, सुरुवातीलाच निवडतो. ‘आधी आणि नंतर’मधला ‘नंतर’चा फोटो नेमका त्या सुकलेल्या क्षणाला काढलेला असतो. पुढच्या काही दिवसांत दात लाळेने परत भिजतात आणि रंग थोडा उतरतो. मग फोन येतो, ‘डॉक्टर, चार दिवसांत गेलं की हो!’ गेलेलं नसतं, तेवढं मिळालेलंच नसतं. टिकाऊ रंगासाठी एका बैठकीवर बहुतेकदा भागत नाही, दोन-तीन लागतात, आणि त्या रात्री दातातून विजेसारख्या कळा येण्याची शक्यता सौम्य जेलपेक्षा बरीच जास्त.

दुसरा प्रकार ट्रेचा. याचा शोध चुकूनच लागला. अमेरिकेत १९६०च्या दशकात एका ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, हिरडी सुधारावी म्हणून पेशंटला तोंडातल्या साच्यात जंतुनाशक घालायला दिलं, त्यात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं, आणि हिरडीबरोबर दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या दोघांनी ती पद्धत शास्त्रीय लेखात मांडली, आणि तेव्हापासून १० टक्क्यांचं रात्रीचं जेल हाच बाकी सगळ्या पद्धतींचा मापदंड आहे. यात तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ, लवचिक, हिरडीच्या कडेवर कापलेला ट्रे बनवतात. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं जेल, बास. जास्त घातलं की ते हिरडीवर येतं आणि तिथे चुरचुरतं. ट्रेमध्ये दोन तासांनंतरही निम्म्याच्या आसपास औषध शिल्लक असतं, म्हणून झोपेतले तास वाया जात नाहीत. आधी फक्त वरचे दात करा. दहा दिवसांनी वरचे आणि खालचे शेजारी-शेजारी दिसले की फरक स्वतःला कळतो आणि धीर राहतो. सुळे आणि हिरडीजवळचा भाग सगळ्यात शेवटी उजळतो. हिरडी खाली गेल्याने मूळ उघडं पडलं असेल तर ते मात्र जवळजवळ तसंच राहतं.

दात शिवशिवणार, हे गृहीत धरा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना थोडं होतं आणि थांबवलं की जातं. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आतापासूनच सुरू करा, दोन आठवडे आधी. तरीही त्रास झाला तर एक रात्र आड करा. तीच पेस्ट ट्रेमध्ये घालून पंधरा-वीस मिनिटं लावली तरी आराम पडतो. अडीच महिने आहेत, एवढी सवड तुमच्याकडे आहे. कुणाकडे खरोखरच पाच-सहा दिवस असतील आणि दात-हिरड्या ठणठणीत असतील, तर त्यांना मी दवाखान्यातली बैठक करून देतो, पण वर लिहिलेलं सगळं आधी ऐकवून.

भावाच्या पट्ट्या. अमेरिकेतून मावशी-काका येताना ज्या आणतात त्या चांगल्या कंपनीच्या पट्ट्या काम करतात, नाही असं नाही. सरळ, सारख्या दातांवर ठीक चालतात. दात मागेपुढे असतील तर पट्टी खाचेत पोचत नाही आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी येतो. शिवाय फिलिंगच्या कडेने फट आहे का, कीड आहे का हे पट्टीला कळत नाही. तिथून जेल आत गेलं की ठणका लागतो. युरोपीय संघात २०१२ पासून नियम आहे की ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडची उत्पादनं फक्त दंतवैद्यांनाच विकायची, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा आणि १८ वर्षांखालील कुणावर वापरायची नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर टक्केवारीच छापलेली नसते. ज्यावर ती नाही ते तोंडात घालू नका.

पार्लरबद्दल एवढंच की तिथे कीड, फट, भेगा बघणारं कुणी नसतं, हिरडी भाजली तर उपाय करणारं कुणी नसतं, आणि दंतवैद्यक नोंदणीकृत माणसानेच करायचं असतं, असा कायदा आहे.

आता तुमचा राखाडी दात, जो माझ्या मते या सगळ्या प्रश्नातला खरा मुद्दा आहे आणि तुम्ही एका वाक्यात उरकलात. मार लागलेला दात पुढे दोन प्रकारे रंग बदलतो. एकतर तो जास्त पिवळा होतो. तेव्हा आतली नस बहुधा जिवंत असते, फक्त तिने घाबरून भराभर डेंटिन बनवलं आणि आतली पोकळी बुजवून टाकलेली असते. असा दात उगाच उघडायचा नसतो. ट्रेमध्ये फक्त त्याच दाताला जास्त रात्री जेल लावायचं. दुसरा प्रकार राखाडी किंवा निळसर काळा. तिथे बहुतेक वेळा नस मेलेली असते आणि मार लागला तेव्हा आत झालेल्या रक्तस्रावाचा रंग डेंटिनमध्ये उतरलेला असतो. दुखत नाही म्हणून माणसं वर्षानुवर्षं विसरतात, आणि मुळाच्या टोकाला पू झाल्याचं एक्स-रेमध्ये दिसतं. म्हणून आधी थंड लावून तपासणी आणि एक्स-रे. नस मेली असेल तर रूट कॅनाल, आणि तो झाला की दाताला आतून ब्लीच करता येतं. रूट कॅनालच्या तोंडाशी सिमेंटचा अडथळा घालून पोकळीत सोडियम परबोरेट भरतात, वरून तात्पुरतं बंद करतात आणि काही दिवसांनी बदलतात. दोन ते चार वेळा बदललं की बऱ्याचदा रंग शेजाऱ्यांशी जुळतो. मी हे ट्रेच्या काळातच सुरू ठेवतो, म्हणजे दोन्हीकडचे रंग एकमेकांकडे बघत आणता येतात. यातला धोका असा की क्वचित कुणाचा दात काही वर्षांनी मानेजवळ, मुळाच्या बाहेरच्या बाजूने झिजू लागतो, त्यामुळे तीव्र पेरॉक्साइड आत भरून उष्णता देणाऱ्या जुन्या पद्धतीला नकार द्या आणि नंतरही अधूनमधून एक्स-रे काढत राहा. या दाताला थेट कॅप सुचवली तर विचारा, आधी आतून ब्लीच करून बघता येणार नाही का? नस मेलेला पण धड असलेला दात कॅपसाठी तासून काढण्याची घाई कशाला.

फिलिंग आणि कॅप ब्लीचने उजळत नाहीत. दात पांढरे झाले की जुनं फिलिंग पिवळ्या ठिगळासारखं उठून दिसेल, तेव्हा ते बदलावं लागेल हे खर्चात धरा. आधीच बदललंत तर पुन्हा बदलावं लागेल. ब्लीच संपल्यावर लगेचही बदलू नका, दोन आठवडे जाऊ द्या. दातात अडकून राहिलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कमजोर करतो, आणि रंगही तेवढ्यात स्थिरावतो. फिलिंगच्या कडेने आत्ताच फट असेल तर मात्र तात्पुरतं बुजवून मगच ट्रे.

तुमचं नाही, पण असे प्रश्न येतात म्हणून दोन ओळी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी ठिपके येतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल आणि बालपण त्या पाण्यावर गेलं असेल तर हे होतं. नुसत्या ब्लीचने तपकिरी ठिपके फिकट होतात, पांढरे सुरुवातीला उलट जास्त उठतात. तिथे मायक्रोअब्रेजन, म्हणजे कवचाचा अगदी पातळ थर दवाखान्यात घासून काढणं, किंवा रेझिन आत मुरवण्याची पद्धत जोडीला लागते. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालेल्यांच्या दातांवर राखाडी आडवे पट्टे असतात. त्यांना ट्रे तीन-चार-सहा महिने लावावा लागतो, एका बैठकीत ते जाणार नाहीत, कोणी कितीही हजार घेतले तरी.

किती पांढरं करायचं हेही ठरवा. रंग जुळवायच्या नेहमीच्या पट्टीत १६ छटा असतात आणि सिनेमातले दात त्या पट्टीच्याही बाहेरचे असतात, ते बहुधा व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवलेली पातळ कवचं. डोळ्यातल्या पांढऱ्याशी दात जुळले की चेहऱ्याला शोभतात, त्याच्या पुढे गेले की बोलताना समोरच्याचं लक्ष दातांवरच जातं.

वेळापत्रक असं बसतं. पहिल्या आठवड्यात स्केलिंग, एक्स-रे आणि माप. पुढचे दोन आठवडे रूट कॅनाल लागला तर तो आणि सेन्सिटिव्हिटीची पेस्ट. मग तीन आठवडे ट्रे, आधी वर, मग खाली. खालच्याला एखादा आठवडा जास्त गेला तरी चालेल. दोन आठवडे विश्रांती. नवव्या आठवड्यात फिलिंग. ट्रेच्या दिवसांत चहा बंद करायला सांगत नाही, कमी करा आणि प्यायल्यावर चूळ भरा. हळदीचा रस्सा, बीट, कोकम रात्रीच्या जेवणात टाळलेलं बरं, नाहीतर ट्रे पिवळा होतो. सोलकढी, आमसूल, कैरी असं आंबट खाल्लं की लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे सगळं खूप कमी फीमध्ये होतं. फेऱ्या मात्र जास्त पडतात.

आणि ट्रे फेकू नका. धुऊन, सुकवून डबीत ठेवा, उन्हात किंवा गरम पाण्यात नको, आकार जातो. रंग वर्ष-दोन वर्षांत थोडा उतरतो, तेव्हा जेलची एक ट्यूब आणून दोन-चार रात्री लावलं की पुरतं. फक्त त्या वेळी दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते होईपर्यंत थांबा.